म्हात्रे सरांची हिरवी वही

म्हात्रे सरांच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, चांगलं सुवाच्य, दोन रंगांच्या शाईत. तेवढं पुरे झालं. कासू स्टेशनात उतरायचं आणि खाडीच्या रोखाने तासभर चालायचं, एवढ्यावर भागवून घ्या. तसं ते गाव आता तसं राहिलेलंही नाही. सर नाहीत, त्यांची आईही नाही. आता खरं सांगितल्याने माझं काही बिघडणार नाही आणि म्हणूनच मी सांगायला बसले आहे, हे मला कळतं. कळतं म्हणून लाज कमी होत नाही.

रोह्याच्या कॉलेजात ते आम्हाला भूगोल शिकवायचे. काटक, काळेसावळे, पायांना बारा महिने भेगा. पँट मुद्दाम चार बोटं आखूड शिवून घ्यायचे, चिखलात भिजायला नको म्हणून, आणि तीच पँट कॉलेजच्या स्नेहसंमेलनालाही घालायचे. सकाळच्या पॅसेंजरने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. स्टाफरूममध्ये कुणी नाक मुरडलं की डबा उचलून आमच्या वर्गात येऊन बसायचे आणि वर आमच्याच डब्यातली भाजी उचलायचे. खडू हातात आला की रेवसपासून रेवदंड्यापर्यंतचा किनारा सगळ्या खाड्यांसकट एका दमात, हात न उचलता काढायचे. मात्र तारीख त्यांना कधी आठवायची नाही. तिथी तोंडावर असायची. ‘आज अष्टमी, पाण्याला जोर नाही, चाचणी घेऊन टाकू,’ असं म्हणणारा प्राध्यापक मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते प्रत्येकाला नावापाठोपाठ शेताचं नाव विचारायचे. शेताला नाव असतं हेच अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. माझे वडील धाटावला कंपनीत शिफ्टवर, आम्ही राहायला दोन खोल्यांत. मी उभी राहून म्हटलं, आमच्याकडे शेत नाही सर, गॅलरी आहे. वर्ग फिदीफिदी हसला. सर नाही हसले. गॅलरीतून काय दिसतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नदी दिसते. तर म्हणाले, ‘बघा, दाराशी कुंडलिका आहे आणि ही बाई म्हणते काही नाही.’ पुढे तीन वर्षं ते मला कुंडलिका म्हणूनच हाक मारायचे.

त्यांच्या रजेच्या अर्जांवर कारण लिहिलेलं असायचं ‘उधाण’. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खाडीचं पाणी चढतं आणि त्यांच्या गावची भातशेती त्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. हा बांध गावाने घातलेला आणि गावानेच राखलेला. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे वाटे, आणि वाट्यामागे एक माणूस टोपलं घेऊन बांधावर हजर. याला तिथे जोळ म्हणतात. बांधाला भगदाड पडलं की खांड गेली म्हणायचं आणि मग घरात लग्न असो की मयत, वाट्याचा माणूस गेलाच पाहिजे. प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले होते, म्हात्रे, हे कारण रजेच्या नियमात बसत नाही. सर म्हणाले, ‘समुद्र पण बसत नाही, सर.’ हा किस्सा शिपायाने आम्हाला सांगितला आणि आम्ही तो वर्षभर पुरवून पुरवून वापरला.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा विद्यापीठाची एक स्पर्धा जाहीर झाली. येत्या शतकातलं शहर कसं असावं आणि तिथल्या जमिनीत गुंतवणूक कशी व्हावी, यावर विद्यार्थ्यांनी एक खरी जागा निवडून आराखडा करायचा. दोघांचा संघ, सोबत एक प्राध्यापक. त्या दिवसांत पनवेलच्या पुढे जमिनीचे भाव जो तो चर्चेला घेत होता. पेणच्या हॉटेलात चहा प्यायला बसावं तर शेजारच्या टेबलावर गुंठ्यांचीच भाषा. आमच्या कॉलेजातून असल्या स्पर्धेला कुणी जाणं म्हणजे अबब होतं. सरांनी मला आणि माझ्या वर्गातल्या शरदला बोलावून घेतलं. शरदचा हात चित्राला चांगला आणि माझं अक्षर चांगलं, एवढ्याच आमच्या पात्रता. जागा कुठली घ्यायची ते सरांनी आधीच ठरवलं होतं. म्हणाले, माझं गाव घ्या. उद्या शहर तिथे येणारच आहे. निदान आल्यावर कुणाच्या घरात शिरतंय हे त्याला कळू दे.

दिवाळीनंतर चार-पाच रविवार आम्ही त्या गावात घालवले. बांधावर चढायच्या आधी सर चपला काढायचे, आम्हालाही काढायला लावायचे. शरद टेपने मोजायचा, मी लिहायचे. लांबोडी, चिंचेखालची, बारकी खार, शेजवळ. प्रत्येक तुकड्याचं नाव, धनी कोण, कसतो कोण, जोळीला कोण येतो. नावं नसलेला नकाशा सरांना चालायचा नाही. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर नकाशा पसरला की त्यांची आई, जिला अख्खा गाव आये म्हणायचा, ती कंबरेवर हात ठेवून तपासायला यायची. एकदा शरदला म्हणाली, ‘सगला गाव काढलास, माझी म्हैस कुठं हाय?’ सरांनी खरोखर त्याला म्हैस काढायला लावली. खाडीकडच्या कोपऱ्यात, पाठ आमच्याकडे करून उभी.

हिरव्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात सरांनी एक जास्तीचा रकाना आखून घेतला होता, ‘निकड’. शहर करायचं तर कुणाला काय लागतं हे आधी माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही घरोघर बसून तेही लिहिलं. सर बरोबर असल्यामुळे लोक सांगत गेले. कुणाच्या बायकोचं पोटाचं दुखणं, दर महिन्याला मुंबईला न्यावं लागतं. कुणाचे दोघे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाच्या दोन मुली लग्नाच्या. कुणाचा मुलगा बोटीवर जायचं म्हणून हट्ट धरून बसलेला. आईने आपल्या मुलाच्या मास्तरणीला सांगावं तितक्या विश्वासाने बायांनी मला सांगितलं, आणि मी ते वळणदार अक्षरात उतरवलं. शेवटच्या रविवारी सर म्हणाले, ही वही परीक्षकांसाठी नाही. आराखड्यापुरतं हिच्यातून घ्यायचं आणि वही आयेच्या पेटीत ठेवायची. मी मान डोलावली. खरंच डोलावली, मला आठवतं.

मुंबईत मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा होती. बाकीच्यांची मॉडेल काय वर्णावी. काचेचे टॉवर, वर हेलिकॉप्टर उतरायची जागा, चालू दिव्यांचे पूल. आमच्याकडे एक नकाशा आणि त्यात म्हैस. आमचं म्हणणं साधं होतं. या शहरात कुणी जमीन विकायची नाही, जमीन घालून भागीदार व्हायचं. पैसा गुंतवणाऱ्याने पहिला पैसा बांधात गुंतवायचा. आणि शहरात राहायला येईल त्यानेही जोळीला माणूस पाठवायचा. एका परीक्षकाने हसत विचारलं, विसाव्या मजल्यावरचा माणूस टोपलं घेऊन चिखलात येणार का? मी म्हटलं, पाणी चढायला लागलं की ते आधी त्याच्या जिन्यातच येणार आहे. टाळ्या पडल्या. मागे बसलेले सर खाली मान घालून हसत होते, ते मला स्टेजवरून दिसलं. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. रोह्याच्या कॉलेजला. सरांना काय करावं कळेना, ते प्राचार्यांना फोन लावायला बाहेर बूथवर गेले. शरद नकाशा गुंडाळायला सुतळी शोधत होता.

तेवढ्यात हसून प्रश्न विचारणारे ते परीक्षक माझ्याकडे आले. जमिनीचं मोठं काम करणारे गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हटलं, माझं. ते म्हणाले, इतकी बारीक माहिती मी माझ्या माणसांकडून कधी पाहिली नाही, मूळ नोंदी असतील ना तुमच्याकडे? वही माझ्या पिशवीत होती. आयेच्या पेटीत ती स्पर्धेनंतर जायची होती. मी ती काढून दिली. मला कुणी धमकावलं नाही, फसवलं नाही. माझ्या अक्षराचं कौतुक झालं आणि मला ते आणखी व्हायला हवं होतं, बस्स. दोन दिवसांत पोस्टाने परत करतो, म्हणाले.

परतीच्या गाडीत मी सरांना सांगितलं. ते शेंगदाणे खात होते. ‘ती वही?’ एवढंच म्हणाले आणि पुडी दुमडून खिशात ठेवली. कासूला उतरताना मात्र खिडकीशी आले आणि माझ्या स्टेजवरच्या उत्तराची तारीफ करून गेले.

वही खरोखर पोस्टाने आली, छान कागदात बांधलेली, सोबत आभाराचं पत्र. काही नावांपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. सर स्टाफरूममध्ये खोडरबर घेऊन बसले होते. एकेक खूण पुसत होते, फुंकर मारत होते, पान उलटत होते. मी दारातून पाहिलं आणि तशीच मागे फिरले.

पावसाळा गेल्यावर गावात एजंट यायला लागले. कुठल्या घरी काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं. ज्याची बायको आजारी होती त्याच्या दारात नेमकी मुंबईला न्यायच्या दिवशी गाडी उभी राहिली. न बोलणाऱ्या भावांपैकी धाकट्याला त्यांनी पेणला वेगळं गाठलं, थोरल्याला नागोठण्याला वेगळं, आणि दोघांनाही सांगितलं की दुसऱ्याने सही केली. बोटीवर जायचं म्हणणाऱ्या पोराला बोटीचा वायदा मिळाला. लोक चक्रावले. यांना आपल्या घरातलं कळतं कसं, म्हणून एकमेकांवर संशय घ्यायला लागले. तेव्हा सर मरीआईच्या देवळापुढे गावासमोर उभे राहिले आणि म्हणाले, माहिती माझ्याकडून गेली. शरदची मावशी शेजारच्या गावात दिलेली, तिच्याकडून हे आम्हाला कळलं. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. विद्यार्थ्यांचाही उल्लेख केला नव्हता. गावाने त्यावरून जो अर्थ काढायचा तो काढला, की म्हात्र्यांच्या काशिनाथने पैसे खाऊन गाव दाखवला.

त्या वर्षी त्यांनी नव्या वर्गाला शेतांची नावं विचारली नाहीत. हजेरी नंबरांवर घेतली.

मी एकदा धीर करून त्यांच्याकडे गेले. सर, तुम्ही खरं सांगायला हवं होतं, असं काहीतरी अर्धवट बोलले. ते पेपर तपासत होते. वर न बघता म्हणाले, ‘दिलीत तुम्ही. पण लिहायला कुणी लावलं? लोकांचं दुखणं कागदावर आणायची अक्कल माझी.’ मग म्हणाले, परीक्षा जवळ आली, अभ्यासाला लागा. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी घरी जाऊन पोटभर जेवले.

पुढे मी पदवी घेतली आणि पेणला एका मोजणी करणाऱ्या ऑफिसात लागले. मुलाखतीत स्पर्धेच्या त्याच प्रमाणपत्राचं कौतुक झालं. सरांविषयी कानावर यायचं. गावातले निम्म्याहून जास्त वाटे विकले गेले होते. घेणाऱ्यांनी तारा ठोकल्या, पाट्या लावल्या आणि निघून गेले. पाटी काही बांधावर टोपलं घेऊन येत नाही. जोळ मोडली. राहिलेल्या घरांनी आपल्यापुरतं करायचं म्हटलं तरी बांध एकच, तो तुकड्यातुकड्याने कसा राखणार? तर सरांनी जाहीर केलं की विकलेल्या वाट्यांचा माणूस मी. वीस-बावीस वाट्यांच्या जागी एकटा माणूस. प्रत्येक उधाणाला रजा. साठलेली रजा संपली, मग बिनपगारी. लोक त्यांच्याशी बोलत नसत, पण बांधावर चिखलाचं ढेकूळ त्यांच्या हातून घेत, कारण न घेऊन चाललं नसतं.

श्रावणातल्या अमावास्येला खांड गेल्याचं मला ऑफिसात कळलं. काय अंगात आलं कोण जाणे, मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कासूला उतरले. सगळ्या गावासमोर सांगून टाकायचं ठरवून निघाले होते. काय बोलायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, चालताना ते चार वेळा घोकलं. बांधाशी चपला काढल्या.

पाणी उतरलेलं होतं आणि दुपारच्या भरतीच्या आत खांड बुजवायची होती. आतल्या खाचरांतून भात गुडघाभर उभं. खारं पाणी त्याला एकदा लागून गेलं होतं. दुसऱ्यांदा लागलं असतं तर ते वर्ष गेलं आणि पुढची दोन-तीनही गेली. चिखलाची ढेकळं हातोहात खांडीपर्यंत पोचवायची, त्यासाठी माणसांची अखंड ओळ लागते. ओळीत माणसांपेक्षा मोकळ्या जागाच जास्त. त्या जागांतून सर धावत होते. इकडून घ्यायचं, दहा पावलं पळायचं, तिकडे द्यायचं, पुन्हा मागे. पँट नव्हती, गमछा होता. इतके वाळले होते की मी आधी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी मला पाहिलं आणि हाताने ओळीतली एक जागा दाखवली. मी उभी राहिले.

माझ्या पुढे आये होती. वाकलेली, पण हात चालू. थोड्या वेळाने तिने वळून मला न्याहाळलं. ‘तू ती लिवणारी पोर ना गो?’ म्हणाली. मी हो म्हटलं. तिने ढेकूळ पुढे दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘मंग तू सांग. तू होतीस तवा. माज्या काश्याने पैसं घेतलं का?’

आजूबाजूचे हात थांबले. मी म्हटलं, ‘नाही आये. सरांनी एक पैसा घेतला नाही.’

‘मंग ती वही दिली कुणी?’

हेच सांगायला मी आले होते. आयता प्रश्न विचारून तिने दार सताड उघडून दिलं होतं. माझ्या हातात ओला चिखल, समोर तिचे डोळे, मागे-पुढे गाव. आणि तीन माणसं सोडून पलीकडून सरांचा आवाज आला, ‘आये, हात चालव. पाणी फिरलं.’

पाणी खरंच फिरलं होतं, भरती लागली होती. ते माझ्यासाठी बोलले की बांधासाठी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी मात्र ते माझ्यासाठी धरलं आणि ढेकूळ पुढे दिलं.

बारा वाजून गेल्यावर भरती चढली. बुजवलेली माती आधी ओली झाली, मग मऊ, मग एका बाजूने सरकली, आणि पाणी आत शिरलं. भाताची पाती थोडा वेळ पाण्यावर दिसली, नंतर तीही दिसेनात. लोकांनी टोपली उपडी करून झटकली आणि गावाकडे परत निघाले.

बांधावरची वाट एका माणसापुरती. आम्ही सगळे परतीला लागलो होतो आणि सर अजून भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन खांडीकडे येत होते. समोरून माणूस आला की ते बांधाच्या कडेला खाली, चिखलात उतरायचे. तो माणूस न बघता निघून गेला की चढून वर यायचे. पुढचा आला की पुन्हा उतरायचे. एकेकासाठी असे उतरत होते. आयेसाठी उतरले. ती क्षणभर थांबली, पदराने त्यांच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि पुढे झाली.

तिच्यामागे मी होते. माझ्यासाठीही ते उतरले. गुडघ्याच्या वर चिखल, डोक्यावरचं टोपलं दोन्ही हातांनी धरलेलं. मी बांधावर उभी आणि ते खाली, त्यामुळे त्यांना मान वर करून माझ्याकडे बघावं लागलं. मी म्हटलं, ‘येते सर.’

‘सावकाश जा,’ ते म्हणाले. ‘पुढे निसरडं आहे.’

मी सावकाश गेले.